वॉशिंग मशीन धुणे अर्धवट सोडून थांबते तेव्हा

आमच्या घरचे फ्रंट लोड वॉशिंग मशीन गेल्या पावसाळ्यानंतर मधूनच थांबू लागले. रोज थांबले असते तर निदान तक्रार तरी नीट सांगता आली असती. पण चार दिवस सुरळीत चालायचे आणि पाचव्या दिवशी साबणाच्या पाण्यात कपडे तसेच ठेवून, दार बंद करून, दिव्यांची उघडझाप करत उभे राहायचे. तंत्रज्ञ आला त्या दिवशी त्याच्यासमोर मशीनने एकही खोट न काढता पूर्ण धुणे करून दाखवले. त्याने मागचे झाकण न उघडताच मशीनचे सगळे काम चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला असावा असे सांगितले आणि साडेआठ हजार रुपयांचा अंदाज दिला. तो बोर्ड आम्ही बसवला नाही आणि मशीन आज व्यवस्थित चालते आहे. पुढे लिहिले आहे ते याच अनुभवाच्या आधारे आणि त्यानंतर शेजारपाजारच्या पाच-सहा मशीनांपाशी बसून जे पाहिले त्यावरून लिहिले आहे.

सर्वांत आधी मी एक वही केली. मशीन थांबले की वार, वेळ, लावलेला कार्यक्रम, पडद्यावर उरलेली मिनिटे, दिसणारा संकेत, ड्रममध्ये पाणी आहे की नाही आणि थांबण्याआधी कसला आवाज येत होता, एवढेच त्यात लिहायचे. पाच आठवड्यांत मशीन सात वेळा थांबले. त्यांपैकी पाच वेळा शुक्रवार होता आणि दोन वेळा शनिवारची सकाळ होती. सातही वेळा ते पाणी भरत असताना थांबले होते. कपडे पिळताना ते एकदाही थांबले नव्हते. बोर्ड बिघडला असता तर त्याला वार कळण्याचे काही कारण नव्हते. वारंवार होणाऱ्या बिघाडात ही वही कोणत्याही हत्यारापेक्षा जास्त कामाची आहे असे माझे ठाम मत आहे, कारण मशीन कुठे थांबले हे कळले की ते का थांबले याचे अर्धे उत्तर हातात येते.

याचे कारण मशीनच्या कामाच्या पद्धतीत आहे. ते घड्याळ पाहून पुढे जात नाही; प्रत्येक टप्प्यावर एखादी अट पूर्ण होण्याची वाट पाहते. पाणी भरताना टबाच्या तळाशी जोडलेल्या बारीक नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून पाण्याची पातळी मोजली जाते. ठरलेली पातळी ठरलेल्या वेळात आली नाही तर मशीन थांबते. पाणी बाहेर गेले नाही तरी थांबते, कपडे ड्रममध्ये एका बाजूला गोळा झाले तरी थांबते, आणि दाराचे कुलूप लागल्याची खात्री पटली नाही तर सुरूच होत नाही. पडद्यावरचा संकेत म्हणजे यांपैकी कोणती अट अडली त्याची खूण असते. एलजीच्या मशीनवर ‘आयई’ म्हणजे पाणी येत नाही, ‘ओई’ म्हणजे पाणी जात नाही, ‘यूई’ म्हणजे भार एका बाजूला गेला आणि ‘डीई’ म्हणजे दार नीट लागले नाही. सॅमसंगच्या मशीनवर ‘४सी’ हा पाणी येण्याबद्दलचा आणि ‘५सी’ हा पाणी जाण्याबद्दलचा संकेत असतो. बॉशच्या मशीनवर ‘ई१८’ दिसले तर निचऱ्याकडे पाहावे. संकेत दिसला की आधी त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण घाईने बटण बंद केले की तो पुसला जातो.

बिघाड शोधण्यापूर्वी एक खात्री करून घ्यावी. काही कार्यक्रमांत कपडे भिजत ठेवण्याचा टप्पा असतो आणि त्या वेळी मशीन बराच वेळ निश्चल असते. उशिरा सुरू होण्याची वेळ किंवा लहान मुलांसाठीचे कुलूप चुकून लागलेले असते. हे बिघाड नव्हेत.

पाणी भरताना थांबणे

आमचे दुखणे इथे होते, म्हणून याबद्दल सविस्तर लिहितो. आम्ही पुण्यात इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो आणि गच्चीवरची टाकी थेट आमच्या डोक्यावर आहे. टाकी जवळ म्हणजे पाण्याला जोर असेल असा समज असतो, पण प्रत्यक्षात उलट घडते. पाण्याचा दाब टाकीच्या अंतरावर नव्हे, उंचीवर अवलंबून असतो, आणि दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. आमच्या टाकीचा तळ गच्चीपासून एक मीटर उंच आहे आणि मशीनचा पाणी घेणारा व्हॉल्व्ह गच्चीखाली दोन मीटरवर आहे. टाकी काठोकाठ भरलेली असली की हा फरक साडेचार मीटर, म्हणजे ०.४५ बार होतो. टाकी तळाला गेली की तो तीन मीटर, म्हणजे ०.३ बारवर येतो, आणि त्यातून पाइपांची वळणे व अर्धवट उघडलेला कॉक यांची वजावट व्हायची असते. आमच्या मशीनच्या माहितीपुस्तिकेत किमान ०.३ बार दाब लागतो असे स्पष्ट छापले आहे. खालच्या मजल्यावर तेच मशीन तक्रार न करता चालेल, याचे कारण एवढेच.

आता शुक्रवारचा उलगडा होतो. पुण्यात देखभालीच्या कामासाठी पाणीपुरवठा बहुधा गुरुवारी बंद ठेवतात, आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ हे वाक्य इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. गुरुवारी आमची टाकी खाली जाते, शुक्रवारी सकाळी ती तळाशी असतानाच सगळ्या घरांचे नळ एकदम सुरू होतात, आणि पुन्हा आलेल्या पाण्याबरोबर तळाचा गाळ ढवळून पाइपात उतरतो. दाब कमी असण्याच्या नेमक्या वेळी गाळही येतो.

हे तपासायला एक बादली आणि घड्याळ पुरते. नळ बंद करून पाण्याचा पाइप मशीनच्या मागून सोडवावा, दहा लिटरची बादली स्टुलावर ठेवून पाइपाचे तोंड मशीनच्या व्हॉल्व्हच्या उंचीवर धरावे आणि नळ पूर्ण उघडून बादली किती वेळात भरते ते मोजावे. बादली जमिनीवर ठेवून पाइप खाली सोडला तर तेवढ्या उंचीचा दाब फुकट वाढतो आणि मोजणी फसते. मी पहिल्यांदा हीच चूक केली होती. आमच्याकडे सोमवारी बादली एका मिनिटात भरली आणि शुक्रवारी सकाळी तिला एक मिनिट पन्नास सेकंद लागले. हा फरक मोठा असला तरी मशीन थांबण्याएवढा तो मला वाटला नाही, आणि पुढचे कारण त्यामुळेच सापडले.

बादलीची चाचणी पाइपाच्या तोंडापर्यंतचेच सांगते. त्यापुढे, मशीनच्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी, अंगठ्याच्या नखाएवढी प्लास्टिकची जाळी बसवलेली असते. वाहत्या पाण्यातला कचरा व्हॉल्व्हमध्ये जाऊ नये म्हणून ती असते, आणि बहुतेक घरांत मशीन आणल्या दिवसापासून ती कोणी पाहिलेली नसते. मशीनचा प्लग काढून, नळ बंद करून, जाळीच्या मध्यभागी असलेला छोटा दांडा पकडीने धरून सरळ बाहेर ओढला की ती निघते. आमची जाळी हातात आली तेव्हा तिची पांढरी छिद्रे दिसतच नव्हती. त्यांवर तांबूस काळा, बोटाला मऊ लागणारा गाळ बसला होता, त्यात टेफ्लॉन टेपचा एक पांढरा तुकडा अडकला होता, आणि कडेने क्षारांचा खरबरीत थर होता. जुन्या दात घासण्याच्या ब्रशने गाळ निघाला. क्षारांसाठी जाळी अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवावी लागली. परत बसवताना रबरी वॉशर जागेवर आहे हे पाहून पाइपाची चकती हातानेच घट्ट करावी. पान्याने आवळली तर प्लास्टिकचे आटे तुटतात आणि मग थांबणाऱ्या मशीनच्या जोडीला गळणारे मशीन पदरी पडते. काही पाइपांना नळाच्या बाजूलाही दुसरी जाळी असते, तीही पाहावी.

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी ही जाळी अधिक वेळा उघडावी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा प्रतिलिटर २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालेल असे धरले आहे, आणि बोअरच्या पाण्याचा कठीणपणा यातल्या वरच्या आकड्याकडे झुकलेला असणे दुर्मीळ नाही. असे पाणी जाळी तर बुजवतेच, शिवाय हीटरवर दगडासारखा थर चढवते.

पाण्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. काही टॉप लोड मशीनांना थंड आणि गरम पाण्याची वेगवेगळी तोंडे असतात. गरमचे तोंड जोडलेलेच नसेल आणि कार्यक्रम कोमट पाण्याचा लावला असेल तर मशीन न येणाऱ्या पाण्याची वाट पाहत बसते. दुसरे म्हणजे, पाणी एकीकडून भरते आणि दुसरीकडून मोरीत वाहत राहते, त्यामुळे पातळी कधी गाठलीच जात नाही. निचऱ्याचा पंप असलेल्या मशीनचा सांडपाण्याचा पाइप फार खाली सोडलेला असला तर असे घडते. त्याचे टोक जमिनीपासून साधारण साठ ते शंभर सेंटिमीटर उंचीवरून वळवून मग खाली आणायचे असते. पंप नसलेल्या टॉप लोड मशीनला मात्र नेमके उलटे हवे. तिचे पाणी केवळ उताराने जाते, म्हणून तिचा पाइप जमिनीलगत हवा आणि वाटेत उंबरठा नको. शेजाऱ्यांच्या सुचवण्यावरून एकाचा नियम दुसऱ्या मशीनला लावल्याची दोन उदाहरणे माझ्याच इमारतीत होती.

पाणी बाहेर जाताना थांबणे

ड्रममध्ये गढूळ पाणी, दार बंद, आणि पंपाचा घुरघुर आवाज येऊन थांबलेला: हे निचऱ्याचे लक्षण आहे. फ्रंट लोड मशीनच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटे झाकण असते आणि त्यामागे पंपाचा फिल्टर. धुणे गरम पाण्याचे असेल तर पाणी निवेपर्यंत थांबावे, प्लग काढावा, खाली परात आणि जुना टॉवेल ठेवावा आणि फिल्टर थोडा थोडा सैल करत पाणी उतरू द्यावे. एकदम उघडला तर दहा-बारा लिटर पाणी घरभर होते. तिथेच बारीक नळी दिली असेल तर आधी तिच्यातून पाणी काढावे.

मागच्या डिसेंबरात शेजारच्या काकूंचे मशीन असेच थांबले. घरातले लग्न आटोपून दोन दिवस झाले होते. फिल्टर बाहेर काढला तर त्यात फुगून मऊ झालेल्या हळदीकुंकवाच्या अक्षता, एक सुपारी, दोन रुपयांचे नाणे, केसांचा आकडा आणि शालूची सुटलेली जर एकमेकांत गुंतून बसली होती. सगळे सदऱ्यांच्या खिशांतून आलेले. काकूंनी सुपारी बाजूला काढून ठेवली. फिल्टर धुऊन बसवण्याआधी मी टॉर्च लावून आतला पंखा पाहिला, कारण कचरा फिल्टरच्या पुढे जाऊन पंख्याच्या पात्यात अडकलेला असू शकतो. लाकडी काडीने पाती हलकेच ढकलली तर ती किंचित अडखळत फिरली पाहिजेत. तिथे जरीचा एक धागा गुंडाळलेला सापडला. फिल्टर स्वच्छ असूनही पाणी जात नसेल तर मशीनमागे दबलेला पाइप आणि मोरीच्या जाळीत खोलवर कोंबलेले त्याचे टोक पाहावे.

हाताने धुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये वापरली तरी निचरा अडतो. तिचा फेस इतका होतो की पंप पाण्याऐवजी फेसच ओढत राहतो आणि मशीन फेस बसण्याची वाट पाहते. दाराच्या काचेत वरपर्यंत पांढरा फेस दिसला की कारण कळले. कमी फेसाची, मशीनसाठीची पावडर आणि तीही मापाने, एवढाच त्यावर उपाय आहे.

पाणी पूर्ण गेलेले असूनही मशीन ते गेल्याचे मानत नसेल, तर पातळी मोजणारी बारीक नळी साबणाच्या गाळाने बुजलेली असण्याची शक्यता असते. हे काम मशीन उघडून करावे लागते. ते तंत्रज्ञावर सोडावे.

पिळताना थांबणे

कपडे खळबळून झाले, पाणी गेले, ड्रम दोन-चार वेळा वेग घेऊ पाहतो, धडधडतो, पुन्हा मंद होतो आणि शेवटी थांबतो. मशीन इथे स्वतःला वाचवत असते. एकटी गोधडी हे याचे सर्वांत सामान्य कारण आहे. ती भिजली की कित्येक लिटर पाणी धरून ठेवते आणि गोळा होऊन एका बाजूला बसते. नऊवारी लुगडे जीन्सभोवती वेढले गेले तरी तेच होते. दार उघडून कपडे मोकळे करावेत, एकट्या जड कपड्याबरोबर दोन टॉवेल घालावेत आणि फक्त पिळण्याचा टप्पा पुन्हा लावावा. गोधडी मशीनच्या क्षमतेत बसत नसेल तर ती हातानेच धुवावी; बसवायचा प्रयत्न मशीनच्या बेअरिंगला भोवतो.

कपडे नेहमीचेच असून हे वारंवार होत असेल तर मशीन कशावर उभे आहे ते पाहावे. आपल्याकडे मशीन बहुधा ड्राय बाल्कनीत असते आणि तिथली फरशी मोरीकडे मुद्दाम उतरती केलेली असते. मशीनवर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी पातळी पाहावी, पाय फिरवून ती सारखी करावी आणि पायांवरच्या चकत्या वर घट्ट आवळाव्यात, नाहीतर कंपनाने पाय पुन्हा फिरतात. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने हाताने दाब द्यावा. मशीन जराही डुलता कामा नये. चाकांचे प्लास्टिकचे स्टँड मला पसंत नाही. झाडायला सोयीचे असले तरी पिळण्याच्या टप्प्याला ते हलते आणि मशीन तो दोष कपड्यांचा समजते. पातळी बरोबर असूनही धडधड राहिली तर रिकामा ड्रम हाताने खाली दाबून सोडून पाहावा. तो एकदा वर येऊन स्थिरावला तर ठीक. झोक्यासारखा हलत राहिला तर आतले धक्के शोषणारे भाग थकलेले आहेत. टॉप लोडमध्ये झाकण लागल्याची खूण देणारा स्विच ढिला असला तरी मशीन नेमके पिळतानाच थांबते.

अचानक सगळे बंद होणे

पडदाच काळा झाला, संकेतही नाही, तर प्रश्न विजेचा आहे आणि इथे घाई करू नये. गरम पाण्याच्या कार्यक्रमात, सुरू झाल्यावर काही मिनिटांनी असे होत असेल तर हीटरचा संशय घ्यावा. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट लागतो. ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर मशीन चालवणे धोक्याचे आहे. धुणे थांबल्यावर स्विच बंद करून प्लग काढावा आणि हात लावून पाहावा. तो गरम लागला, किंवा सॉकेटची भोके तपकिरी झालेली दिसली, तर सॉकेट बदलेपर्यंत मशीन लावू नये. हीटर चालू होताच घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, पडत असेल तर हीटरमधून वीज गळते आहे असे समजून मशीन वापरणे तिथेच थांबवावे आणि अर्थिंग तपासून घ्यावे. वारंवार पडणारे बटण वर करत राहणे म्हणजे ओल्या हातांनी कपडे काढणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळणे आहे.

मशीन थांबते, अर्धा-पाऊण तास विसावले की आपोआप चालू होते आणि पुन्हा थांबते, असे असेल तर मोटरकडे पाहावे. जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात आणि ते झिजले की असे होते. दोन्ही ब्रश एकत्र बदलावेत. इन्व्हर्टर मोटरला हे ब्रश नसतात. तळमजल्यावरच्या मशीनमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हेही कारण निघते, म्हणून मशीनखाली लेंड्या दिसल्या तर ते तंत्रज्ञाला आधीच सांगावे. घरी मागचे झाकण उघडून बोर्डाला हात लावू नये, कारण प्लग काढल्यावरही त्यावरच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठलेली असते.

तंत्रज्ञाला बोलावताना मशीनचा मॉडेल क्रमांक, संकेताचा फोटो, वहीतली पाने आणि शक्य असल्यास थांबण्याच्या क्षणाचा छोटा व्हिडिओ तयार ठेवावा. दोष त्याच्यासमोर दिसेलच असे नाही, आणि न दिसलेल्या दोषावर बोर्ड बदलण्याचा सल्ला सोपा असतो. बोर्ड खरोखरच बिघडतात, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत. पण कशाची मोजणी करून तो निष्कर्ष काढला हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे आणि बदललेला जुना भाग परत मागावा.

आमच्याकडे जाळी स्वच्छ केल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी मी मुद्दाम सकाळी आठला मशीन लावले. पाणी भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, पण ते थांबले नाही. त्यानंतर प्लंबरकडून नळ आणि पाइप यांच्यामध्ये एक छोटी गाळणी बसवून घेतली, जी पकडीशिवाय हातानेच उघडता येते. सोसायटीच्या सभेत वहीतली पाने दाखवल्यावर दोन्ही टाक्या धुऊन घेण्याचे ठरले आणि खालच्या टाकीतून चार घमेली गाळ निघाला. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गाळणी उघडतो. मागच्या वेळी तिच्यात चिमूटभर रेती होती.